बाकावरची वर्षे

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. पण त्याविषयीचे भविष्यकथन महिनाभर आधीच रंगात आलेले असते. कोणता संघ पहिल्या क्रमांकावर आणि कोणता दहाव्या, कोणता नवागत एका वर्षातच व्यावसायिक संघाची वाट धरणार, कोणी कोणाचा तयार खेळाडू पळविला, याच्या याद्या रोज प्रसिद्ध होतात. या याद्यांत सहसा न दिसणारा एक वर्ग मात्र प्रत्येक संघात असतो. मागील हंगामात सामन्यामागे चार-पाच मिनिटेच मैदानावर उतरलेला, उन्हाळाभर व्यायामशाळेत घाम गाळलेला, उंची आहे पण अंगात बळ नाही किंवा बळ आहे पण हाताला सफाई नाही, असा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. संघाचे पुढील दोन-तीन हंगाम बहुधा त्याच्याच खांद्यावर यायचे असतात. तरीही हंगामपूर्व लेखांत त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते, आणि तीही शेवटच्या परिच्छेदात.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये या रूढ चित्राला छेद देणारी एक गोष्ट घडली. ‘असोसिएटेड प्रेस’च्या हंगामपूर्व क्रमवारीत इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठाचा संघ पहिल्या क्रमांकावर आला. हा मान त्या विद्यापीठाला त्याच्या इतिहासात प्रथमच मिळत होता. गंमत अशी की, या संघाचा आधार असलेले तिघे खेळाडू बाजारातून आणलेले नव्हते. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर हे दोघे तेथे चौथ्या वर्षाला होते, तर ट्रे कॉफमन-रेन पाचव्या. तिघेही इंडियानाच्याच गावांतून आलेले. ज्या काळात खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलतात, त्या काळात तिघे तरुण एकाच ठिकाणी टिकून राहतात आणि त्यांचा संघ देशात अग्रस्थानी मानला जातो, हे सहज घडलेले नाही.

पर्ड्यू हे नाव मराठी घरांना अपरिचित नाही. अभियांत्रिकीच्या उच्च शिक्षणासाठी वेस्ट लाफायेट या लहानशा गावी गेलेला भाचा किंवा पुतण्या अनेक कुटुंबांत सापडेल. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग याच विद्यापीठाचे पदवीधर. बास्केटबॉलच्या विश्वात या विद्यापीठाची ओळख निराळी आहे. प्रशिक्षकांचे प्रशिक्षक म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाते, ते जॉन वूडन १९३२ साली येथूनच पदवीधर झाले. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियातील यूसीएलए विद्यापीठाला १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. पर्ड्यूच्या मॅकी क्रीडागृहाचे १९६७ साली उद्घाटन झाले तेव्हा पाहुणा संघ वूडन यांचाच होता. आणि या पाहुण्यांनी यजमानांना अवघ्या दोन गुणांनी हरविले! खुद्द पर्ड्यूला मात्र २०२५ चा हंगाम उजाडेपर्यंत एनसीएए या राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेचे पुरुषांचे अजिंक्यपद एकदाही मिळाले नव्हते.

१९८० ते २००५ अशी पंचवीस वर्षे येथे जीन कीडी प्रशिक्षक होते. त्यांच्याच हाताखाली खेळलेले मॅट पेंटर २००५ मध्ये त्यांच्या जागी आले. पंचेचाळीस वर्षांच्या कालावधीत केवळ दोन प्रशिक्षक! ज्या देशात दोन हंगाम वाईट गेले की प्रशिक्षकाला निरोपाचा नारळ दिला जातो, तेथे हे सातत्य नजरेत भरते. पेंटर यांची रीतही या सातत्याला शोभणारी आहे. शालेय खेळाडूंच्या राष्ट्रीय याद्यांतील अग्रस्थानाचे तारे पर्ड्यूकडे क्वचितच वळतात. जे येतात ते यादीत मागे असलेले, आणि पेंटर त्यांना वाढवितात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे झॅक ईडी. कॅनडातील टोरोंटोचा हा मुलगा लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळत असे. बास्केटबॉल त्याने हाती घेतला तो दहावीच्या सुमारास. उंची सात फूट चार इंच. एवढ्या उंचीचा मुलगा पाहून भल्याभल्यांच्या तोंडाला पाणी सुटायला हवे होते. पण शालेय खेळाडूंच्या क्रमवारीत तो चारशेच्याही पलीकडे होता. मंद, अवघडलेला, आधुनिक वेगवान खेळाला निरुपयोगी, असे जाणकारांचे मत. २०२०-२१ च्या पहिल्या हंगामात पेंटर यांनी त्याला सामन्यामागे साधारण पंधरा मिनिटे खेळविले, सरासरी ८.७ गुण. दुसऱ्या वर्षी एकोणीस मिनिटे आणि १४.४ गुण. तिसऱ्या वर्षी मिनिटे तिसाच्या पुढे गेली आणि गुण २२.३ झाले. चौथ्या वर्षी २५.२. हे आकडे एका ओळीत वाचले की मोठे सोपे वाटतात. पण पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याच्या मध्ये दोन वर्षांची जी शिस्तबद्ध मेहनत आहे, जो श्वास वाढवावा लागला, प्रतिस्पर्ध्याला धक्का न देता जागा धरायची जी कला शिकावी लागली, तिचा हिशेब कोणत्याही तक्त्यात मांडला जात नाही. आपल्याकडच्या तालमीतला वस्ताद नव्या पोराला लगेच मैदानात कुस्ती देत नाही; आधी माती खेळवितो, जोर-बैठका काढून घेतो. गाण्यातही तेच. खर्ज लावण्यात ज्याने पहाटा घालविल्या नाहीत, त्याची तान श्रोत्यांना एक मैफल भुलविते, दुसऱ्या मैफलीत उघडी पडते.

ईडीच्या वाटचालीत २०२३ चा मार्च महिना विसरता येण्याजोगा नाही. त्या वर्षी तो देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि पर्ड्यू आपल्या गटात अग्रमानांकित होता. पहिल्याच फेरीत सोळावे मानांकन असलेल्या फेअरली डिकिन्सन या लहानशा विद्यापीठाने त्यांना ६३-५८ असे हरविले. पुरुषांच्या स्पर्धेच्या इतिहासात सोळाव्या मानांकिताने अग्रमानांकिताला नमविण्याची ही केवळ दुसरी वेळ. त्याआधीच्या दोन वर्षांतही तेराव्या आणि पंधराव्या मानांकनाच्या संघांकडून पर्ड्यू पराभूत झाला होता. देशभर थट्टा झाली. अशा वेळी सामान्यतः काय होते? खेळाडू पांगतात, प्रशिक्षकाची खुर्ची डळमळते, नवे चेहरे विकत आणले जातात. पर्ड्यूत यातले फारसे काही घडले नाही. व्यावसायिक निवडप्रक्रियेसाठी दिलेले नाव ईडीने मागे घेतले आणि तो चौथ्या वर्षासाठी परतला. स्मिथ आणि लॉयर त्या पराभवाच्या वेळी पहिल्या वर्षात होते, तेही राहिले. पुढच्याच वर्षी, ८ एप्रिल २०२४ रोजी, हाच संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात उभा होता. कनेक्टिकट विद्यापीठाने त्यांना ७५-६० असे हरविले खरे. पण त्या साठ गुणांपैकी सदतीस एकट्या ईडीचे होते. पर्ड्यूने अंतिम सामना गाठला तो १९६९ नंतर प्रथमच. त्या उन्हाळ्यात मेम्फिसच्या व्यावसायिक संघाने ईडीला नवव्या क्रमांकावर निवडले. चारशेच्या पलीकडचा मुलगा चार वर्षांत नवव्या क्रमांकावर आला होता.

भारतीय पालकांना जवळचा वाटेल असा एक तपशील येथे नोंदविला पाहिजे. २०२१ च्या जुलैपासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा यांवर जाहिरातींतून पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. ईडी मात्र परदेशी विद्यार्थी होता, ‘एफ-१’ व्हिसावर आलेला. त्या व्हिसावर अमेरिकेत राहून कमाई करण्यावर किती निर्बंध असतात, हे आपल्याकडील हजारो कुटुंबे जाणतात. सहकारी मुक्तपणे करार करीत असताना देशातील सर्वोत्तम खेळाडूचे हात बांधलेले होते. तरीही तो चार वर्षे तेथेच राहिला.

ईडी महाविद्यालयात येण्यापूर्वी फ्लोरिडातील आयएमजी अकादमीत शिकला. त्याच अकादमीत काही वर्षे आधी पंजाबच्या बल्लो के या खेड्यातला एक मुलगा आला होता. सतनाम सिंग भमरा. उंची सात फूट दोन इंच. २०१५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या निवडीत येण्याची ती पहिलीच वेळ, आणि तेव्हा देशभर आनंद झाला तो योग्यच होता. पण सतनाम महाविद्यालयाची पायरी न चढताच थेट व्यावसायिक खेळात गेला आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. दोघांच्या गुणवत्तेची तुलना येथे करावयाची नाही. ती अन्यायकारक होईल. मात्र उंच मुलाचे शरीर उशिरा पक्व होते, त्याला वेळ लागतो, हे उघड सत्य आहे. एकाला चार वर्षे हळूहळू वाढू देणारी संस्था लाभली, दुसऱ्याला ती लाभली नाही. व्यावसायिक संघ मुलगा वाढण्याची वाट पाहत नाहीत. त्यांना तो वाढलेला हवा असतो.

कॉफमन-रेन याची कथा याहून कमी नाट्यमय. किंबहुना म्हणूनच अधिक बोलकी आहे. २०२१ मध्ये तो आला तेव्हा त्याच्या जागेसाठी ईडीसह दोन बलदंड खेळाडू आधीच संघात होते. त्याने ‘रेडशर्ट’ होणे पत्करले. या शब्दाचा अर्थ असा : खेळाडूने वर्षभर सराव करायचा, वर्गात बसायचे, संघाबरोबर राहायचे, पण अधिकृत सामन्यात एकदाही उतरायचे नाही. पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळण्याची जी पात्रता असे, तिच्यातले एक वर्ष अशा रीतीने वाचविले जाई. शाळेत राज्यभर नावाजलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला हे वर्ष काय वाटत असेल? आई-वडील गावाहून सामना पाहायला येतात आणि मुलगा सरावाच्या पोशाखात बाकावर बसलेला दिसतो. त्यानंतरच्या हंगामात त्याची सरासरी पाच गुणांचीही नव्हती. पुढच्या वर्षी ती जेमतेम सहाच्या वर गेली. २०२४-२५ मध्ये, ईडी गेल्यानंतर, तीच सरासरी वीस गुणांवर गेली आणि ‘बिग टेन’ या बलाढ्य गटाच्या पहिल्या सर्वोत्तम पाचांत त्याचे नाव आले. त्याच हंगामात सहा फूट उंचीचा स्मिथ त्या गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. शाळेत असताना मोठ्या विद्यापीठांना तोही फारसा मोहात पाडू शकला नव्हता.

अशी उदाहरणे पर्ड्यूपुरतीच आहेत असेही नाही. व्हर्जिनिया विद्यापीठाने २०१९ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. अंतिम सामन्यात सत्तावीस गुण करणारा डिआंद्रे हंटर पहिले वर्ष असाच बाकावर बसला होता. आणि या संघानेही एक वर्ष आधी, सोळाव्या मानांकिताकडून हरण्याची नामुष्की सर्वप्रथम सोसली होती. व्हर्जिनियाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, निवृत्ती पत्करली. बदललेल्या व्यवस्थेत काम करण्यास आपण योग्य उरलो नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

ही बदललेली व्यवस्था काय आहे? २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एक सामाईक नोंदवही सुरू झाली. २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट काढून टाकण्यात आली. २०२४ मध्ये कितीही वेळा बदलण्याची मोकळीक मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, आणि पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर्स ठरली. सरावाचा पहिला चेंडू उडण्याआधीच प्रत्येक खेळाडूचा बाजारभाव ठरलेला असतो.

या बदलांवर सरसकट टीका करणे सोपे आहे आणि अनेक जुने जाणते ती करतात. पण ती अर्धवट आहे. ‘हौशी खेळाडू’ या गोंडस नावाखाली या मुलांच्या कष्टावर कित्येक दशके कोट्यवधी डॉलर्स मिळविले गेले. दूरचित्रवाणीचे करार विद्यापीठांना, लठ्ठ वेतन प्रशिक्षकांना, आणि मुलांना केवळ शिष्यवृत्ती! प्रशिक्षक जादा पगारासाठी रातोरात दुसरीकडे जाऊ शकत असे. त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून आलेल्या मुलाने जायचे म्हटले तर मात्र वर्षभराची शिक्षा. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला तो उगाच नव्हे. एका पक्षाने धीर धरायचा आणि दुसऱ्याने नफा मोजायचा, याला संयम म्हणत नाहीत.

म्हणून प्रश्न खेळाडूंनी जावे की राहावे, हा नाही. त्यांना मिळालेले स्वातंत्र्य न्याय्य आहे. जे हरवू लागले आहे ते निराळेच आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची वाढ होण्यासाठी जी चुकण्याची मुभा लागते, ती आता महाग झाली आहे. बाकावर बसलेल्या मुलाला पहिल्या हिवाळ्यातच कोणी तरी सांगतो की, दुसरीकडे तुला पंचवीस मिनिटे मिळतील. तो नोंदवहीत नाव घालतो. अनेकांना नवी जागा मिळतच नाही, आणि जुनी शिष्यवृत्ती तोवर दुसऱ्या कोणाला दिलेली असते. दुसऱ्या बाजूने प्रशिक्षकही विचार करतो : जो मुलगा वसंतात निघून जाण्याचा संभव आहे, त्याच्यावर दोन वर्षे का खर्चायची? तेवढ्या वेळात तेवीस वर्षांचा तयार खेळाडू आणता येतो. दोघांचेही गणित आपापल्या जागी बरोबर. बेरीज मात्र तोट्याची.

२०२५ चे अजिंक्यपद फ्लोरिडा विद्यापीठाने जिंकले ते प्रामुख्याने बाहेरून आलेल्या अनुभवी खेळाडूंच्या बळावर, असा प्रतिवाद केला जातो. तो खराच आहे. पण त्या संघाचा नायक वॉल्टर क्लेटन दोन वर्षे न्यूयॉर्कजवळच्या आयोना या लहान विद्यापीठात घडला होता. त्याचा सहकारी विल रिचर्ड हा नॅशव्हिलच्या बेलमाँटमधून आला होता. म्हणजे वाढविण्याचे काम कोणी तरी केलेच होते. ते करणाराचे नाव मात्र चषकावर नाही. रोप एकाने लावायचे, दोन पावसाळे निगा राखायची आणि फळ धरू लागले की कुंपण ओलांडून दुसऱ्याने तोडायचे, असा हा प्रकार. लहान विद्यापीठे अशाने किती काळ रोपे लावीत राहतील?

यावर उपाय नाही असे नाही. जागतिक फुटबॉल संघटनेने २००१ पासून तरुण खेळाडू घडविणाऱ्या मूळ क्लबला भरपाई देण्याचा नियम केला आहे. खेळाडू पुढे मोठ्या क्लबकडे गेला की, ज्या लहान क्लबने त्याला बारा ते तेवीस या वयात वाढविले, त्याला त्या व्यवहारातील वाटा मिळतो. अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडेत कोट्यवधींची देवघेव मान्य करणाऱ्या २०२५ च्या तडजोडीत असा एक पैसाही राखून ठेवलेला नाही. खेळाडूच्या स्वातंत्र्याला धक्का न लावता हे करता येईल : मुलाने खुशाल जावे, त्याच्या मोबदल्यातून काही कापू नये, पण त्याला घेणाऱ्या श्रीमंत विद्यापीठाने घडविणाऱ्या विद्यापीठाला काही द्यावे. आणि रेडशर्टचे वर्ष पत्करणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती पदवी मिळेपर्यंत काढून घेता येणार नाही, असे लेखी वचन संस्थेने द्यावे. धीर मागणाऱ्याने आधी हमी दिली पाहिजे.

पेंटर यांनीही नव्या व्यवस्थेकडे पाठ फिरविलेली नाही, हे प्रांजळपणे सांगायला हवे. २०२५ मध्ये त्यांनी साउथ डकोटा स्टेटकडून ऑस्कर क्लफ हा ऑस्ट्रेलियन खेळाडू आणला, आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्याकडचे खेळाडू दुसरीकडे गेलेही. फरक प्रमाणाचा आहे. बाहेरून येणारा तेथे चौकटीतली रिकामी जागा भरतो. चौकट घरचीच असते.

त्या हंगामाच्या सुरुवातीला सर्वांच्या नजरा स्मिथवर होत्या. पण जाणत्या प्रेक्षकाचे लक्ष बाकावरच्या आणखी एका उंच मुलाकडे होते. डॅनियल जेकबसन, ईडीइतकाच सात फूट चार इंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये, महाविद्यालयीन जीवनातल्या दुसऱ्याच सामन्यात, त्याच्या नडगीचे हाड मोडले आणि सगळा हंगाम हातचा गेला. २०२५ च्या उन्हाळ्यात तो एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात अमेरिकेच्या सुवर्णविजेत्या संघात होता. स्मिथ, लॉयर आणि कॉफमन-रेन यांची महाविद्यालयीन मुदत त्याच हंगामाबरोबर संपणार हे ठरलेलेच होते. त्यामुळे त्यांच्यानंतर कोण, याचे उत्तर अशाच मुलांच्या मिनिटांत शोधायचे होते.

हंगामपूर्व सामने पाहताना धावफलकावर कोणी जिंकले याला फारसे महत्त्व नसते. पाहायचे ते असे : मागच्या वर्षी दहा मिनिटांत तीन फाउल करणारा उंच मुलगा आता किती मिनिटे फाउलविना टिकतो, चेंडू हाती आल्यावर तो खाली नेतो की डोक्यावर धरतो, दुहेरी पहारा आला की घाबरून फेकतो की क्षणभर थांबून मोकळा सहकारी हेरतो, थकल्यावर त्याचे मोफत फेक आखूड पडतात का. आणि प्रशिक्षकाने बाहेर काढल्यावर तो बाकाच्या कोणत्या टोकाला जाऊन बसतो, तेही.